लॅपटॉपची कुईकुई: टेबलावरच्या पाच आवाजांचा शोध, आतापर्यंतची नोंद

टेबलावर आहे ते असं: १४ इंची लॅपटॉप, ६५ वॅटचा टाइप-सी ॲडॉप्टर, चार पोर्टचा यूएसबी हब, हबवर माउस आणि बाहेरचा डॅक (डिजिटल आवाजाचं स्पीकरला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी), डॅकमधून ३.५ एमएमच्या केबलनं जोडलेले पॉवर्ड स्पीकर, आणि एचडीएमआयनं जोडलेला मॉनिटर. तक्रार एका ओळीची होती, "लॅपटॉप कुईकुई करतो." मोजायला घेतल्यावर आवाज पाच निघाले आणि त्यातले फक्त दोन लॅपटॉपच्या पोटातले. आज तीन बंद आहेत, एक निम्म्यावर आलाय, एक अजून हटत नाही.

बारीक टोचरा आवाज आला की 'कॉइल व्हाइन', म्हणजे बोर्डावरच्या कॉइलची शीळ, असा शिक्का मारायची आपल्याकडे घाई असते. इथे क्रम उलटा ठेवलाय: आवाज कशानं बदलतो ते आधी, कुठून येतो ते नंतर. कारण १० किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. डोकं दोन बोटं सरकलं तरी तो वाढतो, पडतो, टेबलावरून उसळून भलतीकडून आल्यासारखा वाटतो. कानावर विसंबून बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावलं तर निर्दोष भागच उपटला जायचा.

हवेतला की तारेतला

पहिली चाळणी अर्ध्या मिनिटाची. स्पीकर म्यूट करून भागत नाही, त्याचा प्लगच काढा. आवाज उरला तर तो हवेतला, म्हणजे कुठला तरी भाग प्रत्यक्ष थरथरतोय. गेला तर तो तारेतला, म्हणजे गडबड विजेच्या रूपात ॲम्प्लिफायरपर्यंत पोचतेय आणि थरथरतोय तो फक्त स्पीकरचा पडदा. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या काडीच्या कामाचे नाहीत. स्पीकरच्या गुणगुणीवर उपाय म्हणून लॅपटॉपमधल्या कॉइलवर सिलिकॉन ओतणारे लोक आहेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आवाज तारेतला असेल तर स्पीकरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवून बघा. त्याबरोबर आवाज कमीजास्त झाला तर गडबड बटणाच्या अलीकडून, म्हणजे केबल किंवा डॅकमधून येतेय. तसाच राहिला तर ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या पुरवठ्याकडे बघा.

हवेतल्या आवाजात आणखी एक फसवणूक आहे ती फॅनची. ३१ पात्यांचा फॅन मिनिटाला ४२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७० फेरे, गुणिले ३१, म्हणजे २१७० हर्ट्झचा स्वच्छ सूर. ऐकायला अगदी इलेक्ट्रॉनिक. ओळखायची खूण अशी की फॅनला वजन आहे, त्यामुळे त्याचा सूर दोन-तीन सेकंद घेत चढतो आणि तसाच उतरतो. बोर्डावरचा आवाज मात्र लोड बदलल्याच्या क्षणी तुटतो किंवा उडी मारतो. सूर सरकत गेला तर फॅन, तडकन बदलला तर बोर्ड.

मोजायचं सामान

फोनवरचं स्पेक्ट्रमचं ॲप पुरतं. एकच अट, ॲपमध्ये ऑडिओ सोर्स निवडता येत असेल तर 'अनप्रोसेस्ड' निवडा. फोनची बोलण्यासाठीची नॉइज सप्रेशन स्थिर सूर हुडकून दाबून टाकते, आणि आपण नेमका तोच शोधत असतो. अचूक आकडा हवा असेल तर ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम काढावा. विश्लेषणाच्या तुकड्याचा आकार १६,३८४ नमुन्यांचा घेतला की रेघ साधारण ३ हर्ट्झपर्यंत नेमकी कळते. १००० आणि १०२० यांतला फरक पुढे कामाला येतो.

जागा शोधायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, दोन फुटांचा तुकडा. एक टोक कानाशी, दुसरं बोर्डावरून फिरवायचं. प्लास्टिकची असल्यानं शॉर्ट व्हायची भीती नाही, आणि भागा-भागांमधला फरक साफ ऐकू येतो. धातूची नळी किंवा डॉक्टरी स्टेथोस्कोपची चकती उघड्या बोर्डाजवळ न्यायची नाही.

पंखा बंद, शक्य तर फ्रिजही थोडा वेळ बंद. आणि दिवे गेलेले असताना इन्व्हर्टरवर हे काम करू नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंख्यापासून ॲडॉप्टरपर्यंत सगळंच गुरगुरतं आणि त्या मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याला बसवा. जुन्या डब्बा टीव्हीची १५,६२५ हर्ट्झची शीळ ज्यांना जिन्यातूनच ऐकू यायची, त्यांतल्या बहुतेकांना आता ती ऐकू येणार नाही. वय वाढतं तसा वरचा पट्टा जातो, आणि "आवाज गेला" ही आपली खात्री निव्वळ कानाचं वय असू शकते.

आवाज १: माउस हलला की चिरकणं

हा निम्मा झालेला. पान स्क्रोल करताना, माउस फिरवताना लॅपटॉपच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून रातकिड्यासारखी किर्र. प्रोसेसरला वीज देणारे कन्व्हर्टर काही शे किलोहर्ट्झवर चालतात. ते थेट ऐकू यायचा प्रश्न नाही. ऐकू येतं ते त्यांच्यावरचं लोड. काम नसलं की प्रोसेसर सी-स्टेट नावाच्या वीज वाचवणाऱ्या अवस्थेत झोपतो, काम आलं की जागा होतो, आणि दर वेळी करंट झटक्यानं चढतो-उतरतो. ही झोप-जाग सेकंदाला हजार वेळा झाली की करंटमध्ये १ किलोहर्ट्झ आला.

आणि थरथरतं कोण? बऱ्याचदा कॉइल नसतेच. हल्लीच्या लॅपटॉपमधली कॉइल लोहभुकटीत घट्ट ठासलेली असते, तिला हलायला जागा नसते. सुरावर असतात ते शेजारचे सिरॅमिक कपॅसिटर. एक्स५आर, एक्स७आर जातीच्या कपॅसिटरमध्ये बेरियम टायटनेट असतं. व्होल्टेज बदललं की ते किंचित ताणतं-आखडतं. तो ताण सोल्डरमधून बोर्डात उतरतो, बोर्ड वाकतो, आणि तळहाताएवढा पत्रा वाजू लागतो. सी०जी जातीचे कपॅसिटर असे वाजत नाहीत, पण त्यांत २२ मायक्रोफॅरड या आकारात मिळत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद.

सिद्ध करायला सगळ्यात सुरेख प्रयोग माउसचाच आहे. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा लॅपटॉपला खबर देतो तो आकडा) १००० वर ठेवून माउस गोल गोल फिरवत राहायचा. स्पेक्ट्रममध्ये १००० हर्ट्झवर रेघ, वर २०००, ३००० वर तिची पिल्लं. मग रेट ५००, २५०, १२५. दर पायरीला सूर बरोबर एक सप्तक खाली येतो, पेटीवर षड्ज खाली खाली धरत जावा तसा. असा उतरला की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही: आवाज प्रोसेसरच्या जाग येण्याचाच आहे.

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सी-स्टेट बंद करायची सोय असेल (सगळ्यांत नसते) तर उलट तपासणीही होते. बंद केल्यावर किर्र थांबली तर निदान पक्कं. पण ही तपासणीच, उपाय नव्हे. प्रोसेसर झोपलाच नाही तर लॅपटॉप रिकामा असतानाही तापतो, बॅटरी लवकर उतरते, आणि किर्रच्या जागी फॅन ऐकत बसावं लागतं.

फुकटात झालेलं काम: माउस १२५ वर, ब्राउझरचं स्मूथ स्क्रोलिंग बंद, खेळांमध्ये फ्रेम रेटला ६० ची मर्यादा. शेवटचं विशेष महत्त्वाचं. खेळाच्या मेन्यूत मर्यादा नसेल तर ग्राफिक्स चिप सेकंदाला हजारोंनी फ्रेम काढत बसते आणि सगळ्यात मोठी शीळ तिथेच येते. सूर खाली आणणं एवढ्यानं भागतं, कारण इतका छोटा बोर्ड खालचे सूर हवेत नीट फेकूच शकत नाही आणि कानही तिथे मंद असतो.

मग बोर्डावरचं काम, म्हणजे व्होल्टेजचे हेलकावे कमी करायला जादा कपॅसिटर लावणं. वॉरंटीतल्या मशीनवर हे करू नये. मागचं झाकण काढलं, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. ज्या तारेवर कपॅसिटर घालायचा तिचं व्होल्टेज आधी मोजावं. ॲडॉप्टर २० व्होल्टचा आहे म्हणून तिथे २० असतील असं नाही. या मशीनवर ती तार बॅटरीच्या व्होल्टेजला धरून चालते: तीन सेल, पूर्ण चार्ज, १२.६ व्होल्ट. म्हणून २५ व्होल्टचे पॉलिमर टँटलम, ४७ मायक्रोफॅरडचे दोन, प्रोसेसरच्या कन्व्हर्टरच्या इनपुटवर समांतर. जुन्या मशीनवर तीच तार १९-२० व्होल्टची असते, तिथे ३५ व्होल्टचेच घ्यावेत. जागा मोजून बघा: ७३४३ आकाराचा कपॅसिटर ३.१ एमएम उंचीचाही मिळतो आणि २ एमएमचाही; पातळ लॅपटॉपमध्ये दुसराच बसतो.

इथे हमखास होणारी चूक पट्टीची. चौकोनी टँटलम चिपवरची पट्टी म्हणजे प्लस. गोल ॲल्युमिनियम डब्यावरची काळी पट्टी म्हणजे मायनस. गोल डब्यांची सवय असलेला हात टँटलम उलटा लावतो, आणि उलटा टँटलम बॅटरीवर लागला की जळतो. लावण्याआधी डेटाशीटचं चित्र बघायचं, आठवणीवर जायचं नाही.

दुसरी चूक उष्णतेची. ग्राउंडचा तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, सोल्डर धरत नाही, मग माणूस आयर्न दाबत राहतो आणि शेजारचा सिरॅमिक कपॅसिटर तडकतो. तडा डोळ्याला दिसत नाही. महिन्याभरानं तो कपॅसिटर शॉर्ट होतो आणि बोर्ड मेला म्हणून दुकानात जातो. बोर्ड खालून १०० अंशांपर्यंत तापवून, चपटी टिप, भरपूर फ्लक्स, आणि कपॅसिटरला टिप लावायची नाही, पॅडला लावायची.

फोन पुस्तकांच्या थप्पीवर, बोर्डापासून १० सेंटिमीटरवर ठेवून आधी आणि नंतर मोजलं: ६ डेसिबल उतार. म्हणजे आवाजाचा दाब निम्मा. कानाला निम्मा वाटायला मात्र साधारण १० डेसिबल लागतात, त्यामुळे हा आवाज बंद झालेल्यांत धरलेला नाही.

झाकण आणि बोर्ड यांच्यामध्ये थर्मल पॅडचा तुकडा घालून थरथर दाबायचा प्रयोगही झाला. आवाज वाढला. बोर्डाची थरथर आता थेट पत्र्याच्या झाकणात जात होती आणि झाकण तबल्याच्या पुडीसारखं वाजत होतं. पॅड काढला. ज्यांची कॉइल खरंच सुटी, तारेचे वेढे दिसणारी आहे त्यांनी तिच्या बुडाशी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन किंवा पातळ इपॉक्सी सोडावं. शिरक्याचा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, ते नको. ग्लू गनचा गोंद गरम कॉइलजवळ मऊ पडतो. फेविक्विक ठिसूळ होऊन थरथरीनंच सुटतं, वर आजूबाजूला पांढरी भुकटी पसरवतं ती वेगळीच.

आवाज २: बॅटरी भरली की ॲडॉप्टरची शीळ

रात्री उशाशी चार्जिंगला लावणाऱ्यांचा हा ओळखीचा. बॅटरी भरत असताना ॲडॉप्टर गप्प, शंभर टक्के झाली की शीळ. ॲडॉप्टरवरचं लोड कमी झालं की आतलं कंट्रोलर वीज वाचवायला सलग चालणं सोडतं आणि तुकड्या-तुकड्यांनी चालतं: थोडे पल्स, मग विश्रांती, पुन्हा पल्स. त्या तुकड्यांची गती ऐकू येण्याच्या पट्ट्यात आली की ट्रान्सफॉर्मरचा फेराइट गाभा गातो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग लावली तर शीळ लवकर सुरू होते, कारण हलकं लोड लवकर सुरू होतं. बॅटरीसाठी ती सेटिंग चांगलीच. एवढा एक साइड इफेक्ट लक्षात असू द्या.

पडताळणी: शीळ चालू असताना जड काम सुरू करा, व्हिडिओ एक्स्पोर्ट वगैरे. शीळ थांबली तर निदान झालं, आणि अशी शीळ धोक्याची नसते. ॲडॉप्टर उघडायचा नाही. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट बसलेले असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ. शिवाय डबा चिकटवलेला असतो, पुन्हा नीट बंद होत नाही. रुमालात गुंडाळायचा नाही, तापतो. शीळेऐवजी चरचर, जळका वास किंवा सॉकेटमध्ये ठिणगी असेल तर तो वेगळा आजार, ताबडतोब बंद.

इथे २० व्होल्ट, ३.२५ अँपिअरचा दुसऱ्या बनावटीचा ॲडॉप्टर लावला, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि तिच्यापाशी 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून. तो हलक्या लोडवर गप्प आहे. विषय संपला.

आवाज ३: कीबोर्डचा दिवा

स्क्रीनची म्हणून धरलेली बारीक किणकिण. स्क्रीनचा बॅकलाइट मंद करताना बऱ्याच पॅनेलमध्ये तो वेगानं चालू-बंद केला जातो, आणि त्याचा ड्रायव्हर वाजू शकतो. खूण अशी की ब्राइटनेस पूर्ण केला की आवाज जातो. इथे तो गेला नाही. दोन संध्याकाळी स्क्रीनच्या बिजागरीपाशी लेव्हल पाइप फिरवण्यात गेल्या. मग कळलं की कीबोर्डचा दिवा पहिल्या पायरीवर होता, आणि त्याचंही चालू-बंद तसंच चालतं. दिवा बंद किंवा पूर्ण, दोन्हीत शांतता. मधली पायरी वापरायची नाही, बस.

आवाज ४: चार्जर लावला की स्पीकरमध्ये घुंईं

५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या रेघा. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं, गुणगुण गेली. चार्जर लावून एचडीएमआय काढली, तरीही गेली. दोन्ही जोडले की परत. म्हणजे अर्थिंगचा फेरा: ॲडॉप्टरची अर्थ, मॉनिटरची अर्थ, आणि त्या दोघांमधला जरासा फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढतोय.

यावर सर्रास सांगितला जाणारा तोडगा म्हणजे तिसरी पिन कापा किंवा टेप लावा. करायचं नाही. त्या पिनेवर आवाज नव्हे, जीव अवलंबून असतो. उलट ती पिन खरंच कुठे जोडलेली आहे का ते बघा. मल्टिमीटर एसीवर: फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ चाळीस-पन्नास दाखवत असेल तर अर्थ लटकतेय, आधी वायरमनला बोलवा. दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात त्या ॲडॉप्टरमधल्या वाय कपॅसिटरमुळे (मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या कपॅसिटरमुळे); मीटर तिथे ११० च्या आसपास दाखवतो, करंट मात्र नाममात्र असतो.

उपाय दोन पायऱ्यांत झाला. लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणलं. गुणगुण बरीच उतरली. उरलेलीसाठी डॅक आणि स्पीकर यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेटर, आत दोन १:१ ट्रान्सफॉर्मर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. स्वस्तातल्या आयसोलेटरचा गाभा लहान असतो आणि मोठ्या आवाजात खालचा बेस चोंदतो. तबला-पखवाज ऐकणाऱ्यांनी दुकानात ऐकूनच घ्यावा.

आवाज ५: ८ किलोहर्ट्झ, अजून चालू

आयसोलेटर लागल्यावर घुंईं गेली आणि तिच्याखाली लपलेली एक तलवारीच्या धारेसारखी रेघ दिसू लागली. बरोबर ८००० हर्ट्झ. लोड बदला, माउस हलवा, ती जागची हलत नाही. हा आकडा यूएसबीचा आहे: फुल-स्पीडची फ्रेम दर १ मिलिसेकंदाला, म्हणजे १ किलोहर्ट्झ, हाय-स्पीडची मायक्रोफ्रेम दर १२५ मायक्रोसेकंदाला, म्हणजे ८ किलोहर्ट्झ. डेटा त्या ठेक्यावर येतो, डॅक त्या ठेक्यावर करंट ओढतो, ५ व्होल्टची तार त्या ठेक्यावर हलते. रेघ सरकली तर संशय प्रोसेसरवर, खिळून राहिली तर यूएसबीवर.

आयसोलेटरला ती अडत नाही, कारण ती अर्थच्या फेऱ्यातून आलेली नाही, डॅकच्या आतच सिग्नलमध्ये मिसळलेली आहे. फेराइटची क्लिपही लावून झाली, काही फरक नाही, आणि पडायचाही नव्हता: ती क्लिप मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते, ८ किलोहर्ट्झला ती साधी तारच. डॅक हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावल्यावर रेघ खाली आली, गेली नाही.

यूएसबी आयसोलेटरचा विचार सोडला. सहज मिळतात ते एडीयूएम३१६० किंवा ४१६० या चिपवरचे, १२ मेगाबिटपर्यंतचे. हाय-स्पीड डॅक त्यांच्यावर एकतर चालत नाही किंवा खालच्या दर्ज्यावर उतरतो. शिवाय त्यांच्यातलं १ वॅटचं डीसी-डीसी मॉड्यूल स्वतःच खडखडाट आणतं.

सध्या हाती घेतलंय ते ५ व्होल्टच्या तारेवर गाळणी: १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, ५०० मिलिअँपिअर सहन करणारी, आणि तिच्यापुढे १००० मायक्रोफॅरड. हिशेबानं ही ५०० हर्ट्झच्या आसपास वळते, म्हणजे ८ किलोहर्ट्झला कागदावर ४८ डेसिबलचा कट. कॉइलचा ०.३ ओहमचा रोध इथे वाईट नाही, त्यानं ५०० हर्ट्झवरचा उसळा दबतो, आणि २०० मिलिअँपिअरला फक्त ६० मिलिव्होल्ट पडतात. अडचण वेगळीच निघाली. यूएसबीच्या नियमानं उपकरणानं जोडताक्षणी १० मायक्रोफॅरडहून जास्त दाखवायचं नाही, आणि इथे १००० बसलेत. जोडलं की हब ओव्हरकरंट म्हणून पोर्ट बंद करतो. दोनदा केलं, दोनदा बंद. म्हणून आता डॅकला डेटा हबकडून आणि ५ व्होल्ट वेगळ्या लिनियर पुरवठ्याकडून, गाळणी त्या पुरवठ्याच्या बाजूला. केबलमधली लाल तार तोडलेली आहे, काळी जोडलेली ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय डेटाला आधार नाही. मात्र या काळ्या तारेमुळे नवा फेरा होऊन ५० हर्ट्झ परत येतो का, ते मोजायचं राहिलंय.